अणुभट्टीचा धनी सरकार, मग नुकसानीचा धनी कोण?

१७ जून २०२२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. फुकुशिमाच्या अणुअपघातात घरदार, शेतीवाडी, गाव गमावलेल्या सुमारे ३,७०० लोकांनी सरकारवर दावे लावले होते. कंपनीने भरपाई द्यायची हे त्याआधीच कायम झाले होते. प्रश्न उरला होता सरकारचा. न्यायालय म्हणाले, सरकार कायद्याने जबाबदार ठरत नाही.

आम्ही हा निकाल बैठकांमध्ये मांडतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "हे जपानचं झालं. आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे, ॲट्रॉसिटीच्या केसेस तारखांवर तारखा खात आहेत. त्यात तुम्ही अणुभट्टी कुठून काढली?" प्रश्न रास्त आहे. विचारणारा माणूस दिवसभर राबून बैठकीला आलेला असतो, त्याला उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून हा लेख.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे. अपघात अणूचा असो, वायूचा असो की पुराचा, त्यानंतर एक यादी तयार होते. त्या यादीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे गळते, हा प्रश्न शंभर टक्के आपला आहे. आणि ती यादी कोण करणार, पैसे कोण देणार, कमी पडले तर कोणाला कोर्टात खेचायचे, हे अपघाताच्या आधी कायद्यात लिहिलेले असते. अपघात झाल्यावर वाचून उपयोग नाही. आत्ता वाचले पाहिजे.

जपानमध्ये काय घडले

११ मार्च २०११ रोजी जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीचे पाणी फुकुशिमा दाईची प्रकल्पात शिरले. बाहेरची वीज भूकंपाने गेली होतीच, आता डिझेलवर चालणारे जनरेटरही बुडाले. भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्या दिवसांत किरणोत्सर्गाने तत्काळ कोणी दगावले नाही, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण दवाखान्यातून हलवताना, छावण्यांमध्ये, औषधपाण्यावाचून, उपटून टाकलेल्या झाडासारखे वाळून माणसे गेली. केवळ फुकुशिमा प्रांतात अशा आपत्तीशी निगडित मृत्यूंची अधिकृत नोंद २,३०० च्या वर आहे. त्यात म्हातारी माणसे जास्त. तेव्हा अणुअपघाताचे नुकसान म्हणजे फक्त कॅन्सर, ही समजूत आधी सोडावी लागेल.

हे संकट आभाळातून पडले काय? नाही. २००२ साली जपान सरकारच्याच भूकंप संशोधन यंत्रणेने या किनाऱ्यावर मोठ्या त्सुनामीचा धोका असल्याचे जाहीर केले होते. २००८ साली टेप्को या कंपनीने त्याच आधारावर हिशेब केला, तेव्हा लाट १५.७ मीटरपर्यंत येऊ शकते असे निघाले. भट्ट्या उभ्या होत्या ती जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर. कंपनीने तो हिशेब आणखी अभ्यासासाठी पाठवला. संरक्षक भिंत काही बांधली नाही, आणि सरकारनेही ती बांधायला लावली नाही.

म्हणून लोक कोर्टात गेले. मार्च २०१७ मध्ये माएबाशी जिल्हा न्यायालयाने पहिल्यांदा सरकार आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले. सप्टेंबर २०२० मध्ये सेन्दाई उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. लोकांना वाटले, आता न्याय होणार. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध एक अशा मतांनी सरकारला मोकळे केले. बहुमताचे म्हणणे असे की, सरकारने भिंत बांधायला लावली असती तरी प्रत्यक्षात आलेली लाट अंदाजापेक्षा मोठी होती, दुसऱ्या दिशेने आली होती, त्यामुळे अपघात बहुधा झालाच असता.

हा युक्तिवाद आपल्या भाषेत मांडून पाहा. पहारेकरी झोपला होता. पण चोर इतका तगडा होता की पहारेकरी जागा असता तरी चोरी झालीच असती. म्हणून पहारेकऱ्याचा दोष नाही! न्यायमूर्ती मिउरा मामोरु यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. भिंतीशिवाय इतर उपाय होते, इमारतीत पाणी शिरू नये अशी सोय करता आली असती, सरकारने आपले अधिकार वापरले असते तर अपघात टळला असता, असे त्यांचे म्हणणे. ते मत कायदा झाले नाही. पण आम्हाला ते महत्त्वाचे वाटते, कारण ते एका साध्या तत्त्वावर उभे आहे. ज्याच्या हातात रोखण्याचा अधिकार आहे, त्याच्याच माथी न रोखल्याची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घेतली पाहिजे. जपानचा अणुनुकसान भरपाईचा कायदा १९६१ चा आहे. त्यात कंपनीची जबाबदारी अमर्याद आहे, चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. हा भाग चांगला आहे. पण सरकारची भूमिका कंपनीला मदत करण्याची. २०११ नंतर सरकारने एक खास संस्था काढून कंपनीला पैसा पुरवला. २०१२ साली एक लाख कोटी येन ओतून सरकार या कंपनीचे सर्वात मोठे भागधारक झाले. म्हणजे कंपनी बुडू नये म्हणून सरकार मालक व्हायला तयार. लोक बुडाले त्याबद्दल जबाबदार व्हायला तयार नाही.

वीस किलोमीटरची रेघ

भरपाई मिळाली का? मिळाली. पण कोणाला किती, हे ठरवले नकाशावरच्या रेघांनी. प्रकल्पापासून २० किलोमीटरचे वर्तुळ आखले आणि पुढे काही गावे त्यात जोडली. सक्तीने हलवलेल्यांना मानसिक त्रासापोटी माणशी महिना एक लाख येन ठरले. रेघेच्या बाहेर राहणारी पण मुलाबाळांच्या काळजीने घर सोडून गेलेली माणसे मात्र 'स्वेच्छेने गेलेली' ठरली. त्यांच्यासाठी सुरुवातीला ठरलेली रक्कम प्रौढाला एकरकमी ८० हजार येन, मुले आणि गरोदर स्त्रियांना ४ लाख. वारा रेघ पाहून वाहत नाही. पण कायद्याने आईची भीती 'स्वेच्छा' म्हणून नोंदवली.

मग प्रकल्पात राबणारे मजूर. जपानच्या अणुउद्योगात ठेक्याखाली ठेका, त्याखाली आणखी ठेका, अशी उतरंड आहे. सर्वात खालच्या पायरीवर रोजंदारीचे मजूर, त्यातले काही टोकियो-ओसाकाच्या मजूर नाक्यांवरून उचललेले. अपघातानंतर साफसफाईला हीच माणसे गेली. तिथे काम केलेल्या एका कामगाराचा रक्ताचा कॅन्सर कामामुळे झाला असावा, हे सरकारने पहिल्यांदा मान्य केले ऑक्टोबर २०१५ मध्ये. ठेकेदार बदलत राहिला की मजुराच्या अंगात किती किरणोत्सर्ग गेला याचा हिशेब जुळवणे अवघड होते. हिशेब नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर भरपाई नाही. ही उतरंड वाचताना आम्हाला जपान परका वाटत नाही. गटारात उतरणाऱ्या आमच्या माणसाचा मुकादमही मृत्यूनंतर असाच म्हणतो, "हा आमच्याकडे कामाला नव्हताच."

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करताना उल्रिश बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा 'जोखीम समाज' हा सिद्धांत शिकलो. त्याचे पुस्तक १९८६ सालचे, चेर्नोबिल घडले त्याच वर्षीचे. त्याचे म्हणणे साधारण असे की, गरिबी वरच्या-खालच्या पायऱ्या पाहून येते, पण आधुनिक धोके, धूर, किरणोत्सर्ग, सगळ्यांना एका पातळीवर आणतात. वर्गात हे पटण्यासारखे वाटायचे. वस्तीत काम करायला लागल्यावर त्यातले अर्धेच खरे असल्याचे दिसले. किरणोत्सर्ग जात पाहत नाही, मान्य. पण पंचनामा पाहतो.

यादी कशी गळते

हे आम्ही कागदावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात पूर आला, तेव्हा आम्ही काही कार्यकर्ते भरपाईचे अर्ज भरून द्यायला गेलो होतो. वरच्या आळीत पंचनामे दोन दिवसांत झाले. घर नावावर, सातबारा नावावर, बँकेचे खाते चालू. खाली गायरानावरच्या बौद्धवाड्यात गाळ गुडघाभर होता. तिथे पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "घर कोणाच्या नावावर?" घर कोणाच्याच नावावर नव्हते. जमीन गायरान, चाळीस वर्षे राहतात, पण उतारा नाही. एका आजीने पत्र्याची पेटी उघडून आतले सगळे कागद आमच्या मांडीवर ठेवले. रेशनकार्ड होते, मतदार ओळखपत्र होते, मुलाचा शाळेचा दाखला होता. ती माणूस असल्याचे सगळे पुरावे होते. मालक असल्याचा एकही नव्हता. आजीचे नाव यादीत आले नाही. भाड्याने राहणाऱ्या दोन कुटुंबांची भरपाई घरमालकाच्या खात्यावर गेली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या बायकांचा दीड महिन्याचा रोजगार बुडाला, त्याला तर अर्जात रकानाच नव्हता.

त्या कर्मचाऱ्याचा आम्हाला राग नाही. त्याला दिलेल्या छापील नमुन्यात जे विचारले होते तेच तो विचारत होता. राग त्या नमुन्याचा आहे. भरपाई मालमत्तेला द्यायची ठरली की ज्या समाजाला हजारो वर्षे मालमत्तेचा अधिकारच नव्हता, तो समाज आपोआप यादीबाहेर राहतो. कोणी जात विचारायचीही गरज पडत नाही.

आता हीच गोष्ट अणुप्रकल्पाला लावून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला आहे. त्यासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. जमिनीच्या खातेदारांशी निदान बोलणी झाली, मोबदला वाढवून मिळाला. पण समोरच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचे काय? समुद्राचा सातबारा नसतो. होडी मालकाच्या नावावर असते. तिच्यावरच्या खलाशांच्या नावावर काही नसते, आणि कोकणात आज कितीतरी खलाशी नेपाळमधून आलेले आहेत. टोपलीत मासे घेऊन दारोदार विकणाऱ्या बाईच्या धंद्याची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्या कुटुंबाची? फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिल २०११ रोजी, याच भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. ज्यांचे नाव मोबदल्याच्या यादीत नव्हते, तेच जीव तोडून विरोध करत होते, यात नवल काय?

आपला कायदा काय म्हणतो

भारतात अणुअपघाताच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा झाला २०१० साली. त्याआधी आपल्यासमोर भोपाळ होते. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली आणि १९८५ साली सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार एकट्याकडे घेतला. सरकार पीडितांचे पालक झाले. या पालकाने १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि तीही पीडितांना न विचारता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रक्कम कमी पडली तर तूट केंद्र सरकारने भरून काढावी, पुढे आजार उद्भवू शकणाऱ्यांसाठी विमा उतरवावा. मार्च २०२३ मध्ये जादा भरपाईची सरकारची याचिका फेटाळताना न्यायालयाने नोंदवले की तो विमा सरकारने काढलाच नाही, आणि हे सरकारचे गंभीर दुर्लक्ष आहे. म्हणजे कंपनीशी तडजोड करायला पालक, आणि तूट भरायची वेळ आली की परका.

२०१० चा कायदा या पार्श्वभूमीवर वाचा. त्यात अणुभट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी जास्तीत जास्त १,५०० कोटी रुपये होती. त्यावर केंद्र सरकारची, पण एकूण मर्यादा ३० कोटी एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे चलन. आजच्या भावाने ही रक्कम साधारण साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. आता फुकुशिमाचा आकडा बघा. २०१६ साली जपान सरकारने एकूण खर्चाचा अंदाज २१.५ लाख कोटी येन सांगितला. त्यातली केवळ भरपाई ७.९ लाख कोटी येन. येनचा भाव साठ पैशांच्या आसपास धरला तरी ही भरपाई साडेचार लाख कोटी रुपयांच्या वर जाते. म्हणजे आपल्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त! आणि आपल्याकडे किनाऱ्यावर लोकवस्ती किती दाट आहे, हे सांगायला नको.

या कायद्यात 'अणुनुकसान' कशाला म्हणायचे याची व्याख्या होती. जीवितहानी, शरीराची इजा आणि मालमत्तेचे नुकसान हे थेट धरले होते. पण निसर्गावर पोट असणाऱ्यांचे बुडालेले उत्पन्न? ते केंद्र सरकार अधिसूचना काढेल तेवढ्यापुरतेच. मच्छीमार, मजूर, रानातून चारा-सरपण आणणारी बाई, यांचे सगळे नुकसान याच रकान्यात मोडत होते. म्हणजे जमीनवाल्याचा हक्क कायद्यात, आणि भूमिहीनाचा हक्क अधिसूचनेच्या मेहेरबानीवर. मुदत पाहा. मालमत्तेच्या दाव्याला १० वर्षे, शरीराच्या इजेला २०. किरणोत्सर्गाने होणारे काही कॅन्सर त्याहून उशिरा वर येतात. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. दाव्यांचा निवाडा करणारा आयुक्त केंद्र सरकारने नेमलेला. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे घटनात्मक अधिकार तेवढे शिल्लक.

एकच गोष्ट त्या कायद्यात जगावेगळी होती. सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीकडून पैसे वसूल करण्याचा हक्क भट्टी चालवणाऱ्याला दिला होता. भोपाळचा संताप ताजा होता म्हणून ते कलम आले. परदेशी कंपन्यांना आणि त्यांच्या सरकारांना ते कायम खुपत राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाचा नवा कायदा मंजूर केला. त्यात खाजगी कंपन्यांना अणुभट्ट्यांचे दार उघडले, आणि सदोष मालाबद्दल पुरवठादाराला धरणारे ते कलम गेले. नियमन करणाऱ्या मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ही जमेची बाजू मान्य करू. पण ३० कोटी एसडीआरची एकूण मर्यादा तशीच राहिली. पंधरा वर्षांत फुकुशिमा घडून गेले, आणि आकडा जागचा हलला नाही.

"बाबासाहेब तर विजेच्या बाजूने होते"

आमच्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात, बाबासाहेब तर विजेच्या आणि उद्योगांच्या बाजूने होते, मग तुम्ही विकासाला विरोध का करता? बाबासाहेब बाजूने होतेच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळताना विजेचे आणि नद्यांच्या पाण्याचे नियोजन त्यांनी पुढे नेले. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाही, उद्योग नसेल तर शेतीवरचा भार आणि गावगाड्याची गुलामी सुटणार नाही, हे ते जाणून होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि हे संविधानातच लिहावे, अशी मांडणी केली. सत्तेवर येणाऱ्या पक्षाच्या लहरीवर ते सोडू नये, हा त्यामागचा हेतू.

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. सरकारला मालक करायचे ते कशासाठी? खाजगी मालक नफा घेऊन पळतो आणि मजूर वाऱ्यावर सुटतो, हे होऊ नये म्हणून. मग सरकार मालक असूनही जबाबदारीला मर्यादा घालून घेत असेल, तर त्या मालकीत आणि खाजगी मालकीत फरक काय राहिला? आणि आता तर मालकीही खाजगी होऊ घातली आहे. नफा कंपनीचा, मर्यादेपर्यंतची भरपाई कंपनीची, त्यावरची थोडी सरकारची, आणि त्याच्याही वरचे सगळे नुकसान ज्याचे त्याने सोसायचे.

आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीच्या खटल्यात, सांगून ठेवले आहे की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, आणि भरपाई त्या उद्योगाच्या ताकदीच्या प्रमाणात असली पाहिजे. १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात सांगितले आहे की मूलभूत हक्कांचे उल्लंघन झाले तर कलम ३२ खाली सरकारला भरपाई द्यावी लागेल, 'आम्ही सार्वभौम आहोत' ही सबब तिथे चालणार नाही. कलम ३२ म्हणजे ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचे हृदय आणि आत्मा मानले ते कलम. जगण्याच्या हक्काचे मोल ३० कोटी एसडीआरमध्ये बसते की नाही, हा प्रश्न त्या कलमासमोर कधीतरी जावाच लागेल.

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, अमर्याद जबाबदारी कोणत्या देशात असते? असते. जपानमध्ये आहे, जर्मनीत आहे, स्वित्झर्लंडमध्ये आहे. अणुऊर्जा इतकी सुरक्षित असेल तर जबाबदारी अमर्याद ठेवायला हरकत काय? अपघात होणारच नसेल तर पैसेही द्यावे लागणार नाहीत. दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. सरकार भरपाई देणार म्हणजे शेवटी आपल्याच करातून देणार ना? बरोबर आहे. म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पीडिताला पैसे कोण देणार, हा एक. अखेरीस भार कोणावर पडणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकार, ताबडतोब आणि पूर्ण. पीडिताने कंपनीच्या आणि परदेशी पुरवठादाराच्या मागे हेलपाटे मारायचे नाहीत. मारले तर काय होते ते भोपाळच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. दुसऱ्याचे उत्तर, सरकारने मग कंपनीकडून, पुरवठादाराकडून वसूल करावे. सरकारकडे वकील आहेत, वजन आहे. आजीकडे पत्र्याची पेटी आहे. पण पुरवठादाराला धरणारे कलम काढून सरकारने स्वतःचेच हात बांधून घेतले, आणि भार करदात्यावर ढकलला. मीठ-मिरची विकत घेणारा गरीबही कर भरतो, हे विसरू नका.

आमच्या मागण्या

एक, अणुअपघातात पीडितांना पूर्ण भरपाई देण्याची थेट जबाबदारी केंद्र सरकारची असावी आणि तिला रकमेची मर्यादा नसावी. दोन, भरपाईचा पाया मालमत्ता नव्हे, रहिवास आणि रोजगार असावा. रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, ग्रामसभेचा ठराव यांपैकी काहीही पुरावा म्हणून चालले पाहिजे. कूळ, भाडेकरू, खलाशी, शेतमजूर, परप्रांतातून आलेले कामगार यांच्यासाठी कायद्यातच रकाना हवा, अधिसूचनेत नव्हे. तीन, प्रकल्पाच्या परिसरातल्या सर्व रहिवाशांची आणि कामगारांची यादी आत्ताच, अपघाताच्या आधी, ग्रामसभेसमोर वाचून तयार करावी आणि दरवर्षी दुरुस्त करावी. चार, ठेक्यावरच्या प्रत्येक मजुराच्या किरणोत्सर्गाची नोंद त्याच्या स्वतःच्या हातात असावी. ठेकेदार बदलला तरी ती पुसली जाऊ नये. पाच, आजाराच्या दाव्याला वीस वर्षांची मुदत नको. सहा, सदोष माल देणाऱ्याकडून वसुलीचा हक्क परत आणावा.

यातली तिसरी मागणी अशी आहे की तिच्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. तारापूरच्या आसपास, जैतापूरच्या आसपास, आणि अणुप्रकल्प नसला तरी रासायनिक कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. घरात कोण राहते, काय काम करते, किती वर्षे राहते. ग्रामसभेत ती वाचून घ्यावी, ठराव करून घ्यावा, शिक्का मारून घ्यावा. सातबारा नसलेल्या माणसांचा तोच सातबारा.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या मित्रांना म्हणूनच आम्ही सांगतो, विषय अणूचा वाटतो, पण तो मोजणीचा आहे. राजकारणात आपल्याला एका माणसाला एक मत मिळाले. मूल्य मात्र अजून जमिनीच्या उताऱ्यावरच ठरते. पुढचा अपघात कुठे होईल ते कोणाला माहीत नाही. पण त्याच्या यादीतून कोण गळणार, ते आपल्याला आजच माहीत आहे. तेवढे माहीत असूनही गप्प बसलो, तर मग तक्रार कोणाकडे करायची?

जय भीम!